वेरोनिकेचं फडकं आणि चार सिलिंडर

नवस बोलायला काय लागतं हो! जीभ उचलायची आणि बोलायचं. पण फेडताना माणसाला इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालावा लागेल, हे मला कुणी आधी सांगितलं होतं का? नाही ना? मग! तुम्हाला सांगते बायांनो, मी मागितलं होतं तरी काय... आमचा कार्यो डेंग्यूनं आडवा झाला होता, आठवतं ना, डॉक्टरीणबाईसुद्धा माझ्याशी बोलताना फरशीकडे बघायला लागल्या होत्या, आणि मी इस्पितळाच्या जिन्यात गुडघ्यांवर बसून संत वेरोनिकेला म्हटलं, ‘माये, माझ्या नवऱ्याला उठव. मी जिवंत आहे तोवर दर गुड फ्रायडेला तुझा रथ आमचीच जीपनी, ही प्रवासी वाहायची लांब जीपगाडी, ओढेल, दुसऱ्या कुणाच्या गाडीला तुझा दोर लावू देणार नाही.’ झालं! कार्यो उठला. उठल्याउठल्या भात मागितला, वर वाळलेला मासा मागितला, आणि मासा जास्त भाजलाय म्हणून कुरकुरलासुद्धा, तेव्हा माझी खात्री पटली की हा पुरता बरा झाला. आता मला सांगा, त्या नवसात मी इंजिनाचं नाव तरी घेतलं होतं का? सिलिंडर हा शब्द तरी उच्चारला होता का?

पण नवस तो नवस. आणि मागच्या वर्षी... तुम्ही सगळ्या होतातच की मिरवणुकीत, पण तुम्ही पुढे होतात आणि धूर जात होता मागे. मागे कोण? डोन्या इलुमिनादा, गावातल्या मोठ्या घरच्या बाई! त्यांची दुःखी माता, देवमातेची ती मूर्ती, आमच्या वेरोनिकेच्या बरोब्बर मागे असते, काळा मखमली झगा, जरीचा पदर, चेहरा हस्तिदंताचा, पणजोबांनी स्पेनहून आणलेला म्हणे, आणि पुढे आमची जीपनी... काय सांगू... चढ आला की फुस्स, थांबली की फुस्स, निघाली की फुस्स, निळा निळा धूर, असं वाटावं की कुणी धूपदान हलवत चाललंय, पण त्या धूपाला वास जळक्या तेलाचा! चर्चच्या दारात पोचलो तेव्हा आमच्या वेरोनिकेच्या हातातल्या पांढऱ्या वस्त्रावर, प्रभूचा चेहरा उमटलेल्या त्या वस्त्रावर, इतकी काजळी की प्रभू कुठले आणि काजळी कुठली कळेना. आणि दुःखी मातेच्या चेहऱ्यावर... नको, मला बोलवत नाही... गालांवर काजळी, नाकाखाली काजळी... देवा क्षमा कर, पण तिला मिशी आली होती हो!

डोन्याबाई काय म्हणाल्या? अख्ख्या गावासमोर, त्या त्यांच्या बारीक आवाजात, फुग्यातून वारा सुटावा तशा: ‘चोलेंग, तुझी भक्ती मोठी आहे गं, पण ती मागच्या पाइपातून बाहेर येते.’ आणि चर्चच्या समितीत ठराव! पुढच्या वर्षी या जीपनीनं धूर काढला तर वेरोनिकेचा दोर डोन्याबाईंच्या नव्या गाडीला लागणार. म्हणजे माझा नवस... खलास! रथ कुणी ओढला यानं तुम्हाला काय फरक पडतो, पण मी मात्र वर्षभर कार्योला शिंक आली तरी दचकत होते. नवस मोडला आणि तो पुन्हा आडवा पडला तर?

म्हणून पाम संडे झाला आणि सोमवारी इंजिन उघडलं. आमच्या अंगणात, आंब्याखाली. उघडायला दोघं: एक आमचा कार्यो, ज्याला वाटतं की मिसरूड फुटल्यापासून जीपनी चालवतोय म्हणजे त्यातलं सगळं आपल्यालाच कळतं, आणि दुसरा माझा थोरला भाऊ, कुया आंबो, ज्याची उमर जहाजांच्या इंजिनघरात गेली आणि ज्याला वाटतं की जमिनीवरच्या माणसांना काहीच कळत नाही. वरचं झाकण निघालं, पिस्टन निघाले, चार भोकांचा तो लोखंडी ठोकळा टायरांवर ठेवला, मी वाकून आत बघितलं आणि... बायांनो! आत आरसा! नुसता आरसा! मला माझं नाक दिसत होतं!

मी म्हटलं, ‘कार्यो, अरे किती स्वच्छ आहे हे! मी रथाची चांदी घासघासून मरते, ती पण इतकी चमकत नाही. उगाच उघडलंत की!’

कार्यो म्हणाला, ‘तोच तर रोग आहे.’

रोग! ऐकलंत ना? चकाकीला रोग! म्हणे, पिस्टन वरखाली करून करून भिंती घोटल्या गेल्या, गुळगुळीत झाल्या, त्यांच्यावर तेल ठरत नाही, पिस्टनच्या रिंगा नुसत्या घसरतात, तेल वर जातं, जळतं, आणि दुःखी मातेला मिशी येते. मी आयुष्यभर पुसत आले हो, ताटं पुसली, खिडक्या पुसल्या, वेरोनिकेचा रथ पुसला, सासूबाईंनी मरताना किल्ल्या माझ्या हातात दिल्या त्या ‘हिच्या हाताला चमक आहे’ म्हणून दिल्या, आणि हा माणूस म्हणतो रोग! आता तुम्हीच सांगा, चकचकीत असणं हा काय गुन्हा झाला?

बरं, रोग तर रोग, औषध काय? तर भिंती पुन्हा खरखरीत करायच्या. कशानं? इथे पेटलं! कार्योकडे एक यंत्र होतं, तीन पायांचं, मेलेल्या कोळ्यासारखं, प्रत्येक पायाला एक लांबट घासायचा दगड, मधे स्प्रिंग, ड्रिलला लावायचं आणि भोकात सोडून फिरवायचं. कुया आंबोला हवा होता ब्रश. ब्रश म्हणजे कसला, बाटली धुवायच्या ब्रशाचा दांडगा भाऊ, तारांच्या टोकांना खरखरीत गोळ्या, द्राक्षांचा घडच लटकल्यासारखा. आणि दोघंही हट्टी, हा बातांगासचा माणूस, तो बातांगासचा माणूस, एकमेकांशी बोलेनात. मधे कोण? मी! शेजारी चुलीवर बिलो-बिलो शिजत होतं, नारळाच्या दुधात तांदळाचे गोळे फुगत होते, माझ्या हातात डाव, आणि हे दोघं माझ्या डोक्यावरून:

‘चोलेंग, तुझ्या नवऱ्याला सांग, दगडांचा जमाना गेला.’

दोघांत अंतर किती? हातभर!

‘चोलेंग, तुझ्या भावाला सांग, जहाजाच्या इंजिनात शिडी लावून उतरतात, त्याला जीपनीतलं काय कळतंय!’

‘त्याला सांग, गोळ्यांचा ब्रश भिंतीच्या कलानं घेतो. भिंत जाईल तसा जातो.’

‘आणि भिंतच वाकडी असली तर, विचार त्याला! वाकड्याच्या कलानं घेतलं की ते सरळ होतं का?’

‘मग आधी वाकडी आहे का ते मोजायला सांग!’

‘मला मोजायची गरज नाही, सांग, मला आवाजावरून कळतं!’

मी मान इकडे, मान तिकडे, मान इकडे, माझा मानेचा जुना आजार वर आला. आणि तेवढ्यात आमच्या यजमानांनी रागारागानं ते तीन पायांचं यंत्र ड्रिलला लावलं, पहिल्या सिलिंडरमध्ये सोडलं, घर्रर्र, खाली, वर, खाली, वर... आणि वर जरा जास्तच वर! फिरत असतानाच बाहेर! ते तीन पाय भिंतीतून सुटल्याबरोबर असे फाकले, असे फाकले, काठाला आपटले, कट्ट करून आवाज झाला, आणि एक दगड सुटून माझ्या कानाजवळून सूंsss करून गेला आणि... प्लक!

बिलो-बिलोमध्ये.

आंब्यावरचा कावळासुद्धा उडाला. मी तर गार! तो दगड जरा इकडे आला असता तर? मग कुया आंबो पातेल्यात वाकून बघतो आणि अगदी गंभीरपणे म्हणतो, ‘चोलेंग, तुझ्या नवऱ्याला सांग, दगडाला शिजायला वेळ लागेल. मीठ आत्ताच घालू नकोस.’

त्यानंतर मोजलं. मोजलं म्हणजे काय, तर नवी रिंग सिलिंडरमध्ये सोडली, रिंगेच्या दोन टोकांमध्ये जी फट राहते त्यात पातळ पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून पाहिल्या, वर तेवढीच फट, मधे तेवढीच, खाली तेवढीच. चारही भोकांत तसंच. कुया आंबो म्हणाला, ‘भिंत सरळ आहे, गोल आहे, नुसती घोटली गेलीय. वाकडी असती तर ना तुझे हे तीन पाय पुरले असते ना माझा ब्रश, मोठ्या वर्कशॉपात नेऊन नवीन कोरून घ्यावी लागली असती. नुसती चकाकी घालवायची असेल तर ब्रश.’ हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. कार्योनं माझ्याकडे बघून मान हलवली. असा आमच्या घरात तह होतो.

मंगळवारी सकाळी बाजारामागच्या गॅरेजातून ब्रश मागून आणला. तोही कसला हवा म्हणता? सिलिंडरपेक्षा जरासा जाड, दाबून आत जाणारा, नाहीतर म्हणे आत नुसता भटकतो. फिरत फिरतच आत घालायचा, फिरत फिरतच बाहेर काढायचा, वर तेलाची धार सोडत राहायची. कुया आंबोनं हां हां म्हणता चारही सिलिंडर केले आणि ब्रश परत देऊन आला, कारण गॅरेजवाला पवित्र आठवड्यासाठी दुपारच्या बसनं आपल्या गावाला निघाला होता. जेवण झालं. एक झोपाळ्यात घोरतोय, एक बाकावर घोरतोय. मी म्हटलं, बिचारे दमले. झाकलेलं कापड उचलून आत डोकावले...

ओरखडे!

बायांनो, काल जिथे आरसा होता तिथे मांजरानं ओरबाडल्यासारखे ओरखडे, वरून खाली, खालून वर, सगळीकडे! मग मी विचार केला. मी अडाणी नाही. मी म्हटलं, चोलेंग, चांदीचं कसं असतं? आधी राखेनं खसाखसा घासायची, जुनं किटण काढायचं, तेव्हा ती अशीच रापलेली दिसते, आणि मग पेस्ट लावून मऊ कापडानं उजळायची. म्हणजे वाईट चकाकी यांनी काढली, आता चांगली चकाकी आणायचं तेवढं राहिलंय, आणि ते बिचारे दमून झोपलेत! इथे देवानं माझ्यासाठीच काम ठेवलंय. अहो, आमच्या वेरोनिकेनं तरी आयुष्यात केलं काय? प्रभू क्रूस घेऊन चालले होते, घामानं रक्तानं चेहरा भरला होता, सगळे नुसते बघत होते, आणि ही एकटी पुढे झाली आणि तिनं पुसलं. एवढंच. नुसतं पुसलं! तिचा रथ सांभाळणाऱ्या घरातली मी, मी बघत बसू?

रथाची चांदीची पेस्ट आणली, जुन्या गंजिफ्रॉकाचं कापड आणलं, जपमाळ तोंडात, हात सिलिंडरमध्ये. पहिला उजळला. दुसरा उजळला. तिसऱ्याला खांदा दुखायला लागला, ते दुःख मी मेल्यावर शुद्धीस्थानात अडकलेल्या आत्म्यांना अर्पण केलं. चौथ्यात हात घालणार एवढ्यात मागून आवाज आला, ‘चोलेंग... काय करतेस?’

मी म्हटलं, ‘आभार मानायची गरज नाही, कुया.’

त्यानं बॅटरी घेतली. आत प्रकाश पाडला. ‘आला ए...’ एवढाच आमच्या बातांगासचा ‘अरे देवा’ त्याच्या तोंडून निघाला, आणि ते ‘ए’ इतकं लांबलं की कार्यो झोपाळ्यातून पडला. मग कार्यो बघतो. कार्यो टायरावर बसला, आणि दोन्ही हात डोक्याला. आणि मग, तुम्हाला सांगते, दोन दिवसांत पहिल्यांदा ते दोघं एकमेकांशी बोलले!

‘कार्यो, हिनं तीन पुसले.’

‘दिसतंय, कुया.’

‘ब्रश तर गेला बसनं.’

‘माहीत आहे, कुया.’

मी रडायलाच लागले. मी म्हटलं, अरे मी चांगलंच केलं ना! किती छान दिसतंय! चकचकीत असणं हा काय गुन्हा झाला? मग कुया आंबोनं माझा दंड धरला, मला चौथ्या सिलिंडरवर वाकवलं, बॅटरी तिरपी धरली आणि म्हणाला, ‘बघ. नीट बघ. एक रेघ तिरपी वर जाते, दुसरी तिरपी खाली येते, एकमेकींना छेदतात. या खाचांत तेल बसतं. या रेघा म्हणजेच सगळं काम. रेघा नाहीत तर धूर.’

मी बघितलं. नीट बघितलं. आणि ते ओरखडे नव्हतेच हो! ते क्रूस होते! तिरपे क्रूस, ज्यावर संत आंद्रेयाला खिळलं तसले, बारीक बारीक, शेकडो, हजारो, वरपासून खालपर्यंत सगळी भिंत क्रूसांनी भरलेली... आणि मी, पवित्र आठवड्यात, तोंडात जपमाळ घेऊन, तीन सिलिंडर भरून क्रूस पुसून काढले!

बुधवारी कबुलीजबाबाला गेले तर फादर विचारतात, ‘किती क्रूस?’ मी म्हटलं, ‘फादर, तीन सिलिंडर.’ मग म्हणतात, ‘मुली, हे कोणत्या आज्ञेखाली येतं ते मला बघावं लागेल.’

पण मी सांगत होते तो मंगळवार. ब्रश गेला, उरलं काय? कार्योचं तीन पायांचं यंत्र, त्यातला एक दगड बिलो-बिलोत शिजलेला. पण दगड बदलता येतात, नवे मिळतात, म्हणून मलाच पिटाळलं दुकानात, प्रायश्चित्त म्हणून. दुकानातली पोरगी गोड हसली. ‘आते, हे घ्या, सगळ्यात बारीक, आरसा होईल आरसा!’

‘आरसा नको!’ मी इतक्या जोरात ओरडले की मागचा माणूस हातातला डबा टाकून बाहेर गेला. ‘खरखरीत दे! ओरखडे काढणारे दे! अगदी राक्षसी नकोत, मधले दे, पण चकचकीत करणारं काही मला दाखवूसुद्धा नकोस!’ बाईमाणसानं दुकानात उभं राहून खरबरीत वस्तू द्या म्हणून भांडायचं... माझ्या सासूबाई वर बसून काय म्हणाल्या असतील!

घरी आले. कार्योनं ड्रिल धरलं, कुया आंबो तेल सोडायला. या वेळेला यंत्र काठाबाहेर येऊ द्यायचं नाही, जरासं डोकं दिसलं की खाली, आणि थांबवून मगच काढायचं. पण रेघा जमेनात! कार्योचा हात हळू पडला की रेघा झोपतात, घाई केली की ताठ उभ्या राहतात, क्रूस काही होईना. कुया आंबो म्हणतो, ‘ताल हवा. एकसारखा ताल.’ मी कोपऱ्यात बसून संतांची लितानी, एकेका संताला हाक मारायची ती प्रार्थना, म्हणत होते, मनातल्या मनात, पण रडताना माझा आवाज मोठा होतो. ‘संत पेत्रा...’ ड्रिल वर. ‘आमच्यासाठी विनंती कर...’ ड्रिल खाली. ‘संत पावला...’ वर. ‘आमच्यासाठी विनंती कर...’ खाली. कुया आंबोनं बॅटरी मारली आणि ओरडला, ‘चोलेंग, थांबू नकोस! हाच ताल! कोणता संत असेल तो चालू दे!’ प्रेषित दोन सिलिंडरांत संपले. तिसऱ्याला हुतात्मे आणि कुमारिका घ्याव्या लागल्या. पण वाकून बघते तो काय... क्रूस! माझे सगळे क्रूस परत! कार्योचे तीन पाय, कुया आंबोची बॅटरी आणि माझे संत, तिघांनी मिळून एकच भिंत घासली, आणि हे दोघं दोन दिवस यंत्रावरून भांडत होते!

एवढ्यावर कुया आंबोनं डिझेलमध्ये चिंधी बुडवली, आतून एक हात फिरवला आणि म्हणाला, ‘झालं. बंद करा.’

‘झालं?’ मी म्हटलं. पुसण्यातलं मला कुणी सांगू नये. मी ठेवणीतला पांढरा हातरुमाल काढला, आत फिरवला, बाहेर काढला. काळाकुट्ट! ‘हे काय आहे?’

‘दगडाची भुकटी. थोडी राहतेच.’

‘आणि माझी चांदीची पेस्ट?’

‘...ती पण असेल.’

‘आणि ती आत राहिली तर?’

आता तो जहाजावरचा माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. ‘राहिली तर रिंगा खाईल.’ मग मी गरम पाणी ठेवलं, कपड्यांचा साबण घेतला, लांब दांड्याचा ब्रश घेतला, आणि त्या चार भोकांना अशी आंघोळ घातली की तान्ह्या पोराला कुणी घालणार नाही. पुसलं, काळं. धुतलं, पुसलं, राखाडी. धुतलं, पुसलं, अजून राखाडी. दोघं बघत बसले. पुसलं... पांढरं. चारही पांढरी. ‘आता लगेच तेल लाव,’ कुया आंबो म्हणाला, ‘नाहीतर गंज धरेल,’ आणि रुमाल हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, काही बोलला नाही, घडी घालून माझ्या हातात दिला. आमच्या घरचा माणूस तुमच्या कामाकडे बघून गप्प बसला म्हणजे त्यानं पदक दिलं असं समजायचं.

इंजिन जोडलं. बुधवारी सुरू झालं. मी मेणबत्ती लावली. आणि मग, सगळं सुखानं चाललंय म्हणेपर्यंत, कुया आंबो म्हणतो, ‘आता हिला ओझं हवं. नव्या रिंगा भिंतीशी बसायला हव्यात, त्या भरल्या गाडीनं, चढावर बसतात. मुंगीच्या चालीनं रखडवलीत तर भिंती पुन्हा घोटल्या जातील.’

मी म्हटलं, ‘पण कुया... मिरवणूक तर मुंगीच्याच चालीनं जाते!’

म्हणजे माझा नवसच माझ्या इंजिनाच्या मुळावर! वेरोनिकेसाठी घासायचं आणि वेरोनिकेपायी घोटायचं! कुया आंबो म्हणाला, ‘म्हणून शुक्रवारच्या आधी ओझं. उद्याच.’ कार्यो म्हणाला, ‘तांदळाची पोती भरू.’ मी म्हटलं, पोती कशाला? उद्या पवित्र गुरुवार, सात चर्चना भेटी द्यायच्या. पोत्यांना कसलं आलंय पुण्य...

आता समजलं ना? अगं मारे पुरिंग, माझी सखी ना तू, असे डोळे मोठे करू नकोस! तुम्हा सगळ्यांना वाटलं, चोलेंग किती उदार, फुकट जीपनीनं सात चर्चं करवतेय, आणि तेही तालिसायच्या त्या घाटातून वर तागायतायपर्यंत! निघण्याआधी प्रत्येकीला दोन दोन वाट्या बिलो-बिलो आग्रह करकरून वाढलं, ते काय उगाच? दगड काढला होता त्यातला, शपथ. कुया आंबो दारात उभा राहून एकेकीला जागा दाखवत होता, मारे पुरिंग अगदी मागे, तिची बहीण तिच्यासमोर, तुम्हाला वाटलं मान देतोय... वजन चाकांवर नीट पडावं म्हणून हो! आणि तुम्ही घाटात ‘अगं, ही हळू का चढतेय’ म्हणून जपमाळ मोठ्यानं म्हणायला लागलात, आणि पुढे कार्यो नि कुया आंबो आनंदानं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते. रागावू नका. पुण्य लागलंच ना तुम्हाला? पुण्याला काय माहीत आपण ओझं म्हणून गेलो होतो!

आणि मग शुक्रवार. मी जीपनीशेजारून चालतेय, तोंडात प्रार्थना, डोळा मागच्या पाइपावर. निघालो... काही नाही. थांबलो... काही नाही. बाजाराचा चढ आला, मी डोळेच मिटले... काही नाही! मी मागे वळून बघते तो काय, दुःखी माता प्लास्टिकमध्ये! खरंच सांगते! डोन्या इलुमिनादांनी खबरदारी म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं होतं, नव्या सोफ्याला असतं तसं, आणि आतल्या दिव्यांच्या उष्णतेनं ते सगळं धुक्यासारखं झालं होतं, मातेचा चेहराच दिसेना! लोक विचारायला लागले, ‘आज देवमातेला काय झालंय? ताप आलाय का?’ डोन्याबाईंचा चेहरा... मला धक्काच बसला, बायांनो. मला वाटलं होतं मला आनंद होईल. पण त्या रडत होत्या हो. वर्षभर जपलेली मूर्ती, आणि ऐन दिवशी ती कुणाला दिसतच नव्हती.

मिरवणूक चौकात थांबली. मी काही विचार केला नाही. मातेच्या रथावर चढले, प्लास्टिक सोडलं, आणि चेहऱ्यावर पाण्याचे थेंब जमले होते, तर कमरेचा रुमाल काढला. तोच रुमाल, सिलिंडरवाला. धुतलेला होता! आणि पुसलं. कपाळ पुसलं, गाल पुसले, नाकाखाली जरा जपून पुसलं. खाली उतरले तर डोन्याबाईंनी माझ्या हातातून रुमाल घेतला, उलगडला, उलटसुलट बघितला. पांढरा. नुसता पांढरा. मग त्या बारीक आवाजात म्हणाल्या, ‘चोलेंग, तुझ्या जीपनीच्या मागे राहायला माझी हरकत नाही.’

झालं! नवस टिकला. कार्यो स्टिअरिंगवर शिंकला आणि मी दचकले नाही. मी म्हटलं, आता सुखानं मरायला मोकळी... आणि तेवढ्यात कुया आंबो जीपनीच्या बॉनेटला कान लावून येतो, कपाळाला आठ्या, आणि म्हणतो, ‘चोलेंग, तीन तास मुंगीसारखी रखडली. भिंतींना पुन्हा चकाकी धरायला सुरुवात झाली असेल. परत ओझं लागेल. आणि दर वर्षी लागेल.’

दर वर्षी! आता कुणाला विचारू, चकचकीत असणं हा काय गुन्हा झाला? विचारत नाही. आहे गुन्हा. मी मान्य केलं.

म्हणून हात जोडते, बायांनो. माझ्यासारखाच एक नवस तुम्हीही बोला. गुडघ्यांवर बसायची गरज नाही, इथे बसल्याबसल्याच बोला, वेरोनिका ऐकते: मी जिवंत आहे तोवर दर पवित्र गुरुवारी चोलेंगच्या जीपनीतूनच सात चर्चं करीन, दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार नाही. आणि मारे पुरिंग, तुझ्यासाठी थोडा जास्तीचा नवस आहे... ते डॉक्टर वजन कमी कर म्हणाले ना, ते तेवढं मनावर घेऊ नकोस.